साक्ष कशाची?

आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या बऱ्याच मंडळ्यांमध्ये 'साक्ष' नावाचा एक प्रकार असतो. (इतर मित्रांसाठी खुलासा: मंडळी म्हणजे एका चर्चची सभासद माणसं. 'आमची मंडळी माहेरी गेलीय' यातली मंडळी नव्हे!) गाणी झाली, प्रार्थना झाली, की पाळकसाहेब विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मग कुणीतरी उठतं. मुतखडा ऑपरेशनशिवाय पडला. मुलाचा व्हिसा तिसऱ्या खेपेला का होईना पण झाला. मोटारसायकल ट्रकखाली गेली आणि आमच्या ह्यांना खरचटलंसुद्धा नाही. शेवटी ठरलेलं वाक्य: म्हणून सांगते, देव आहे. सगळे 'आमेन' म्हणतात. मीही म्हणतो.

या माणसांची चेष्टा करायची नाही. मुतखडा ज्याला झालाय त्यालाच कळतं, आणि तो पडल्यावर कुणाचे तरी आभार मानावेसे वाटणं ही माणसातली चांगलीच गोष्ट आहे. माझं भांडण त्या 'म्हणून'शी आहे. कारण आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंच्या मुलाचा व्हिसा सिद्धिविनायकाला नवस बोलल्यावर झाला, आणि आमच्याच मंडळीतल्या एका मुलाचा चार वेळा उपास-प्रार्थना करूनही झाला नाही. तो काही उठून साक्ष देत नाही. त्याची साक्ष घ्यायची पद्धतच नाही.

माझा एक भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाप्तिस्मा झालेला, लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठांतराची बक्षिसं मिळवलेला, आणि आता कशावरच विश्वास नाही असं बिनदिक्कत सांगणारा. त्याचा प्रश्न मोठा नेमका असतो: "मामा, मुतखडा सोड. त्याशिवाय तुमच्याकडे काय आहे?" प्रश्न रास्त आहे, आणि फोनवर पाच मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही. नातेवाईकांपैकी काहींना माझं उत्तर पटणार नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. त्यांनी घरी आल्यावर चहासोबत खुशाल सुनवावं.

शिकलेल्या ख्रिस्ती माणसाला हाच प्रश्न विचारा. तो मुतखड्याचं नाव काढणार नाही, तो घड्याळ काढेल. रानात घड्याळ सापडलं तर ते आपोआप झालं असं आपण म्हणत नाही, कुणीतरी बनवलं असं म्हणतो. मग एवढं विश्व? हा युक्तिवाद विल्यम पेलीच्या 1802 सालच्या पुस्तकामुळे गाजला. तो केंब्रिजमध्ये डार्विननं वाचला होता आणि तेव्हा त्याला तो आवडलाही होता. पुढे 1859 मध्ये त्याच डार्विननं सजीवांची रचना घड्याळजीशिवाय कशी घडू शकते ते दाखवून दिलं. त्याच्याही आधी अकराव्या शतकात अॅन्सेल्म नावाच्या संन्याशानं नुसत्या 'सर्वश्रेष्ठ' या कल्पनेतूनच देव सिद्ध करायचा घाट घातला होता. लगेच गॉनिलो नावाच्या दुसऱ्या संन्याशानं विचारलं की याच हिशेबानं सर्वश्रेष्ठ बेटही कुठेतरी असलंच पाहिजे ना? (मठातसुद्धा आपल्यासारखी माणसं होती हे वाचून मला फार बरं वाटतं.) तेराव्या शतकात थॉमस अक्विनासनं पाच मार्ग मांडले. त्यात दम आहे, आणि आजही हुशार माणसं त्यावर वाद घालतात.

पण समजा, वाद जिंकला. हाती काय आलं? सगळ्याचं आदिकारण. आता गंमत बघा, आपल्याकडे दहाव्या शतकाच्या सुमाराला उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त जवळजवळ हेच सांगितलं आहे. घट आहे तर कुंभार असला पाहिजे. जग कार्य आहे, तर त्याला कर्ता असला पाहिजे. आपल्या नैयायिकांनी बौद्धांशी याच मुद्द्यावर काही शतकं झुंज घेतली. म्हणजे घड्याळाच्या वाटेनं जो देव सापडतो त्याच्यासाठी ख्रिस्ती होण्याची काहीच गरज नाही. तो मिथिलेतही सापडत होता. आणि त्या आदिकारणावर कुणी रागावत नाही, त्याच्यापुढे कुणी रडत नाही.

या वाटेचा एक धोकाही आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. निसर्गात, इतिहासात, राष्ट्राच्या भाग्योदयात देव 'दिसतो' असं एकदा मान्य केलं, की मग ज्याला जे हवं ते दिसायला लागतं. 1933 नंतर जर्मनीत हेच झालं. तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चमधल्या एका मोठ्या गटाला हिटलरच्या उदयात देवाचा हात दिसू लागला. चांगली बायबल वाचणारी, संध्याकाळी पियानोवर स्तोत्रं वाजवणारी माणसं होती ती. 1934 च्या मे महिन्यात बार्मेन या गावी काही पाळक आणि विद्वान जमले आणि त्यांनी जाहीर केलं की येशू ख्रिस्ताशिवाय आणखी कुठल्या घटनेत, सत्तेत किंवा व्यक्तीत चर्चला देवाचा शब्द ऐकू येतो, हे आम्हाला मान्य नाही. तो मसुदा मुख्यतः कार्ल बार्थचा. त्याच वर्षी बार्थनं एमिल ब्रुनर या आपल्याच जवळच्या विचारवंताला निसर्गातून देव ओळखण्याच्या प्रश्नावर उत्तर लिहिलं, त्या पुस्तिकेचं नावच 'नाही!' असं होतं. बार्थ टोकाचा होता, मला त्याचं सगळं पटत नाही. संध्याकाळी भंडारदऱ्याला उभं राहिल्यावर काही वाटतच नाही असं कोण म्हणेल? पण 'वाटणं' आणि 'त्यावर घर बांधणं' यातला फरक त्यानं ज्या वर्षी ओळखला, ते वर्ष बघता त्याला टोकाचं असण्याचा हक्क होता.

मग घर कशावर बांधायचं?

आमचा जो विश्वासांगीकार आहे, म्हणजे आम्ही कशावर विश्वास ठेवतो ते सांगणारा जुना मजकूर, तो आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा म्हणतो की त्यातले शब्द ऐकूच येत नाहीत. मला एकदा कधीतरी ते ऐकू आले. त्यात येशू सोडून दोनच माणसांची नावं आहेत. एक मरिया. दुसरं नाव पंतय पिलात. एका रोमन सुभेदाराचं! त्यात मोशे नाही, दावीद नाही, पेत्र नाही, पौल नाही. जगाचा निर्माता, स्वर्ग, पापांची क्षमा, सार्वकालिक जीवन अशा मोठमोठ्या गोष्टी चालल्या असताना मध्येच हा सरकारी अधिकारी. इसवी सन 26 ते 36 या काळात तो यहूदियाचा कारभार बघत होता. 1961 मध्ये कैसरिया इथल्या जुन्या रोमन नाट्यगृहात पायरी म्हणून वापरलेला एक दगड सापडला, त्यावर त्याचं नाव कोरलेलं आहे. आता तो दगड जेरुसलेमच्या संग्रहालयात ठेवलाय.

पिलात तिथे का आहे? तारखेसाठी. विठोबा विटेवर कधीपासून उभा आहे याची तारीख वारकऱ्याला लागत नाही. तारीख विचारणं हाच तिथे अडाणीपणा ठरेल, कारण जे सांगायचंय ते तारखेच्या पलीकडचं आहे. ख्रिस्ती विश्वासाचं तसं नाही. यात काही वरचढपणा आहे असं मला म्हणायचं नाही, उलट ही आमची अडचणच आहे. आम्ही म्हणतो की अमुक राजवटीत, अमुक अधिकाऱ्याच्या सहीनं एका माणसाला वधस्तंभावर खिळून मारलं, आणि देव कसा आहे हे त्याच्यावरून कळतं. म्हणजे आधी देव सिद्ध करून मग येशू नव्हे. आधी येशू, आणि त्याच्यावरून देव.

पौलानं करिंथ इथल्या मंडळीला जे पहिलं पत्र लिहिलं ते साधारण 54-55 सालचं, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो एक यादी देतो. मेलेल्या येशूला कुणाकुणाला जिवंत पाहिल्याचं सांगितलं जातं, त्याची. आधी पेत्र, मग बारा जण, मग एकदम पाचशेहून अधिक, त्यातले बरेचसे अजून हयात आहेत असा शेरा, मग याकोब, मग सगळे प्रेषित, आणि सगळ्यात शेवटी मी. यादी त्याची स्वतःची नाही, मला मिळाली ती तुम्हाला दिली असं तो स्वच्छ सांगतो. त्याला ती कधी मिळाली असेल? गलतीकरांच्या पत्रात तो लिहितो की मन पालटल्यावर तीन वर्षांनी मी जेरुसलेमला गेलो, पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. वधस्तंभाची घटना सन 30 किंवा 33 ची धरली, तर ही भेट फार तर सात-आठ वर्षांनंतरची. त्या पंधरा दिवसांत ते दोघे हवापाण्याविषयी नक्कीच बोलले नसतील.

मला या यादीपेक्षाही तिच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. पौल म्हणतो, ख्रिस्त उठलाच नसेल तर आमचं सांगणं पोकळ, तुमचा विश्वास पोकळ, आणि आम्ही देवाविषयी खोटे साक्षी ठरतो. 'साक्षी' हा कोर्टातला शब्द आहे, हे आमच्या मंडळ्या विसरल्या आहेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. पुढे पुढे साक्ष दिल्याबद्दल माणसं मारली जायला लागली तेव्हा त्याच शब्दाला 'हुतात्मा' असा अर्थ चिकटला. आपल्याकडे म्हणूनच जुन्या ख्रिस्ती पुस्तकांत 'रक्तसाक्षी' असा शब्द वापरतात. साक्षीदार स्वतःविषयी सांगत नसतो. आपल्यासमोर दुसऱ्याचं काय झालं ते सांगतो. आणि साक्ष खोटी ठरू शकते, ही जोखीम त्यात असतेच. पौल ती जोखीम स्वतःच्या हातानं लिहून देतो. धर्माच्या माणसानं 'हे अमुक झालं नसेल तर माझं सगळं म्हणणं सोडून द्या' असं लिहून द्यावं, हे मी तरी फारसं कुठे पाहिलेलं नाही.

आता भाचा म्हणेल, साक्ष ठीक आहे, पण उलटतपासणी कोण घेणार? घेऊ या.

डेव्हिड ह्यूमनं 1748 मध्येच सांगून ठेवलंय की चमत्काराची साक्ष मान्य करायची तर ती साक्ष खोटी असणं हे त्या चमत्काराहून मोठं आश्चर्य असलं पाहिजे. मला हा माप म्हणून मान्य आहे. त्या मापानं मोजलं तर जमेची बाजू अशी. येशूला मारलं, यात गंभीर इतिहासकारांना शंका नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस 116 च्या सुमारास पिलाताच्या नावासकट ते नोंदवतो, आणि त्याला ख्रिस्ती लोकांविषयी तिटकाराच होता. त्यानंतर थोड्याच काळात त्याचे मित्र 'आम्ही त्याला पाहिलं' असं सांगू लागले आणि ते मनापासून सांगत होते. पौल तर या लोकांचा छळ करणारा माणूस. याकोब घरातला, भाऊ हयात असताना त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असं योहान लिहितो, आणि योसेफस या यहुदी इतिहासकारानं याच याकोबाला दगडमार करून मारल्याची नोंद केली आहे, सन 62 मधली. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेकडे पहिल्यांदा बायका जातात. तेव्हाच्या जगात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. योसेफस तसं लिहितोच, आणि दुसऱ्या शतकातला केल्सस नावाचा टीकाकार 'एका वेडसर बाईनं पाहिलं म्हणे' अशी टर उडवतो. गोष्ट रचायचीच असती तर कुणीही शहाण्या माणसानं तिथे एखादा वजनदार पुरुष उभा केला असता.

आणि खर्चाची बाजू. पौलाच्या यादीत त्या बायकाच नाहीत! मत्तयमध्ये शिष्यांची भेट गालीलात होते, लूकमध्ये सगळं जेरुसलेमच्या आसपास घडतं. दोन्ही नीट जुळवून दाखवणारे लेख मी वाचलेत, मला ते ओढूनताणून वाटतात. मार्कच्या सगळ्यात जुन्या दोन हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या, गोष्ट सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीलाच थांबते. बायका घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. संपलं. पुढचा मजकूर नंतर जोडलेला आहे. पाचशे जणांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. ख्रिस्ती नसलेला एकही साक्षीदार नाही. आणि शोकात बुडालेल्या माणसांना गेलेलं माणूस दिसतं, हे आपल्या घराघरांत घडतं.

या जमाखर्चातून माझ्या मते इतकंच निघतं की त्या माणसांना काहीतरी जबरदस्त अनुभव आला, आणि त्याची सोपी, सगळ्यांना पटेल अशी दुसरी उपपत्ती अजून कुणाला जमलेली नाही. 'म्हणून तो खरंच उठला' इथपर्यंत इतिहास नेत नाही. नेतो असं जे उत्साही लोक यूट्यूबवर सांगतात, ते वकिली करतात. 1777 मध्ये लेसिंग या जर्मन लेखकानं म्हटलंच होतं की इतिहासातल्या घटना आणि कायमचं सत्य यांच्यामध्ये एक रुंद, ओंगळ खंदक आहे आणि मला काही केल्या त्यावरून उडी मारता येत नाही. खंदक आहे. तो नाही असं मी म्हणत नाही.

मग मी पलीकडे कसा?

आता थोडं घरचं. माझा धाकटा भाऊ एकतिसाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरनं गेला. दीड वर्ष आजारी होता. त्या दीड वर्षात आमच्या घरी इतक्या प्रार्थना झाल्या की त्या जर मोजायच्या गोष्टी असत्या तर आम्ही श्रीमंत ठरलो असतो. शेवटच्या महिन्यात बाहेरगावचे एक उपदेशक आले. नाव सांगत नाही. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि निघताना दारात आईला म्हणाले, "ताई, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय." आई त्यानंतर कित्येक महिने तो 'कुणाचा तरी' शोधत होती. आणि शेवटी तिनं स्वतःचंच नाव काढलं.

हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही, युक्तिवादासाठी लिहितोय. मुतखडा पडला म्हणून देव आहे, हे जर खरं, तर भाऊ गेला म्हणून देव नाही, हेही तितकंच खरं. तर्क एकच आहे. आणि त्या तर्कातून स्वतःला वाचवायला मग आईसारख्या बाईच्या गळ्यात दोष अडकवावा लागतो. पाया चुकीचा घेतला की त्याची किंमत कुणीतरी देतंच, आणि ती बहुतेक वेळा घरातली सगळ्यात श्रद्धाळू व्यक्ती देते.

त्या दिवसांत मला घड्याळजी देवाचा काही उपयोग नव्हता. पहिलं कारण असलेल्या देवाशी काय बोलायचं? मी मार्क वाचत होतो. त्याचं शुभवर्तमान सगळ्यात जुनं आणि सगळ्यात उघडं. त्यात मरताना येशू एकच वाक्य बोलतो, आणि ते 'देवा, तू मला का टाकलंस' अशा अर्थाचं आहे. ते बाविसाव्या स्तोत्रातलं आहे. लूक आणि योहान यांनी ते ठेवलेलं नाही, त्यांच्याकडे येशूचे शेवटचे शब्द अधिक शांत आहेत. मार्कनं आणि त्याच्यामागोमाग मत्तयनं ते तसंच ठेवलं. ज्याला आपण देवाचा पुत्र म्हणतो त्यानंच देवाला असा जाब विचारला, हे लपवायचं सोडून या लोकांनी पुस्तकात लिहिलं! आणि खाली उभे असलेले लोक त्याला काय म्हणत होते? उतर खाली, म्हणजे आम्ही विश्वास ठेवू. मुतखडा पाड, व्हिसा दे, म्हणजे विश्वास ठेवू. तो उतरला नाही.

युर्गेन मोल्टमान हा जर्मन धर्मपंडित 2024 मध्ये वारला. 1943 च्या जुलैत हॅम्बुर्गवर बॉम्बहल्ले झाले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, विमानविरोधी तोफेवर मदतनीस. शेजारी उभा असलेला मित्र मेला, हा वाचला. घरात देवाधर्माचं वातावरण नव्हतं. पुढे युद्धकैदी म्हणून तो बेल्जियम, स्कॉटलंड, इंग्लंड असा हिंडला. एका छावणीत कुणीतरी बायबल हातात दिलं आणि त्यात त्याला मार्कमधला हाच आक्रोश भेटला. त्याला वाटलं, आपल्याला समजून घेणारा कुणीतरी इथे आहे. तीस वर्षांनी, 1972 मध्ये, त्यानं 'वधस्तंभावर खिळलेला देव' या नावाचं पुस्तक लिहिलं. विद्वत्ता त्यात भरपूर आहे. पण पाया त्या सतरा वर्षांच्या पोराचा आहे, हे वाचताना कळत राहतं.

माझं म्हणणं असं. पुनरुत्थानाची साक्ष खरी असेल, तर तिचा अर्थ 'मेलेला माणूस उठू शकतो' एवढाच नाही. तो तर चमत्कार झाला, आणि चमत्कारांचा मला तसा कंटाळा आहे. तिचा अर्थ असा की देवानं सुभेदाराची बाजू घेतली नाही, धर्मगुरूंची घेतली नाही, 'उतर खाली' म्हणणाऱ्यांची तर नाहीच. ज्याला टाकून दिलं होतं त्याच्या बाजूनं तो उभा राहिला. असा देव मला घड्याळातून कधीच सापडला नसता. उदयनाचार्यांनाही नाही. आणि असा देव असेल तर दारातल्या त्या उपदेशकापेक्षा तो माझ्या आईच्या बाजूचा आहे.

इथे 'विश्वास' या शब्दाकडे जरा बघा. मराठी ख्रिस्ती लोक 'श्रद्धा' हा शब्द तसा कमी वापरतात, 'विश्वास' जास्त. हा शब्द आपण माणसांविषयी वापरतो. शेजाऱ्यावर विश्वास टाकून किल्ली देतो, भावाच्या शब्दावर विश्वास ठेवून सही करतो. पुरावा अगदीच नसेल तर तो मूर्खपणा, आणि पुरावा शंभर टक्के असेल तर विश्वासाची गरजच नाही. मधल्या जागेत तो राहतो. लेसिंगचा खंदक मी उडी मारून ओलांडला नाही. पलीकडे उभ्या असलेल्या माणसाची ओळख पटत गेली.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला याच कारणासाठी जवळचं वाटतं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रा, व्रतं, दानं सगळं करूनही आईवडील अन्नावाचून गेले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. फळ मिळतं म्हणून देव, हा हिशेब त्यांच्यापुरता तिथेच मिटला होता. संस्कृत शास्त्रं तोंडपाठ, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेलं. युक्तिवादाची त्यांना कमतरता नव्हती. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे षड्दर्शनांची चिकित्सा करून ख्रिस्ती झालेले काशीचे पंडित, त्यांच्या लेखनाचाही त्यांच्यावर परिणाम झाला. पण त्या स्वतः सांगतात ती गोष्ट लंडनच्या फुलहॅम भागातली आहे. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांची तिथे काही ख्रिस्ती भगिनी सेवा करत होत्या. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर बाई गप्प बसल्या असं मात्र समजू नका. त्रैक्य म्हणजे नेमकं काय, चर्च सांगतं म्हणून मी का मानायचं, माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाकडे गहाण का टाकू, असे प्रश्न विचारून त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना अगदी सळो की पळो करून सोडलं. तो पत्रव्यवहार 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं छापला. इंग्रजीत आहे, पण मिळाला तर जरूर वाचा. येशूविषयी खात्री आणि चर्चशी भांडण, दोन्ही एकाच पत्रात. पुढे केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, बायाबापड्यांना कळेल असं. 1922 मध्ये त्या गेल्या तोपर्यंत ते काम चालू होतं. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मानायचं नसेल, तर मूळ साक्षच तपासावी लागते. त्यांनी ती तपासली.

ना. वा. टिळकांचंही थोडंफार असंच. आगगाडीत एका परक्या माणसानं नवा करार हातात दिला, ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर त्यामुळे काय ओढवलं ते 'स्मृतिचित्रे'त आहेच. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक सांगत, घड्याळाच्या पुलावरून नव्हे. पण टिळकांवर लिहायला लागलो तर हा लेख संपायचा नाही.

एक शेवटचा मुद्दा राहिला. 1980 मध्ये जेरुसलेमच्या तलपियोत भागात बांधकामाच्या वेळी एक जुनी कबर सापडली होती, तिच्यातल्या एका अस्थिपेटीवर 'योसेफाचा मुलगा येशू' अशी अक्षरं होती. 2007 मध्ये त्यावर एक माहितीपट निघाला. आमच्याकडे तेव्हा बरीच आरडाओरड झाली. बहुतेक पुरातत्त्ववाल्यांनी तो दावा फेटाळला, कारण ती नावं त्या काळात आपल्याकडच्या गणेश-सुरेशइतकी सर्रास होती. पण आमच्या लोकांची प्रतिक्रिया मला चुकीची वाटली. असला माहितीपट बघूच नये, असं आम्हीच म्हणायला लागलो, तर पौलानं लिहून दिलेली जोखीम आम्ही गुपचूप परत घेतली असं झालं. मी तो बघितला. दोनदा.

भाचा विचारतो, "आणि उद्या खरंच हाडं सापडली तर? अगदी नि:संशय?" तर मग रविवारची सकाळ मोकळी होईल, आणि त्याला माझ्याकडून एक बिर्याणी लागू. टिळकांची गाणी मात्र गुणगुणत राहीन. चाली लहानपणापासून तोंडात बसल्यात, त्या कुठे जाणार?